भावाच्या मनगटातली तुटलेली नस आणि ‘कृत्रिम नळी’चा प्रश्न

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील शेवटच्या ओळीत आहे. आधी मला काय समजलं ते सांगते. पलूसकडचं गाव. धाकटा भाऊ, वय २६. ऊसतोड चालू असताना शेजारच्याच्या हातातला कोयता निसटला आणि भावाच्या उजव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला, आडवा बसला. त्याच रात्री टाके पडले, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) शिवलं, जखम भरली. आज पाच महिने झाले. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर आहे, ती दोन्ही बोटं आत वळून राहतात, अंगठा आणि तर्जनीच्या मधला फुगीर भाग खोल गेलाय. डिस्चार्ज कार्डावर नसेचा उल्लेखच नाही. आणि शेवटची ओळ: परवाच्या एनसीव्ही तपासणीत (नसेतून विजेचा सिग्नल जातो का ते पाहणारी तपासणी) मनगटाच्या खाली अल्नर नसेतून, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या नसेतून, काहीच सिग्नल मिळाला नाही.

तुम्हाला कुणीतरी व्हिडिओ दाखवला, त्यात तुटलेल्या नसेवर ‘नॅनो मटेरियल’ची नळी घालून नस पुन्हा वाढवतात. तुम्ही विचारलंत, ही नळी भावाला बसवता येईल का, आणि वर्ष-दोन वर्षांत याहून चांगलं काही येणार असेल तर थांबावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबू नका. मी मिरजेत गेली २२ वर्षं हाताच्या शस्त्रक्रिया करते. भावाचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं ‘जर-तर’ आहे, पण न थांबण्याबद्दल ‘जर-तर’ नाही.

कारण असं. आपण नस म्हणतो ती इथे रक्ताची नाही, ती मज्जातंतूंची जुडी आहे. यातल्या प्रत्येक तंतूचा जीव, म्हणजे तो जिच्यातून निघतो ती पेशी, पाठीच्या कण्यात किंवा कण्यालगत असते. मनगटात नस तुटली की तुटलेल्या जागेच्या खालचे तंतू मरतात. हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. वरचा भाग मात्र जिवंत राहतो आणि पुन्हा कोंब काढतो. खालच्या रिकाम्या जागेत श्वान नावाच्या पेशी रांगा धरून उभ्या राहतात, आणि नवे कोंब त्या रांगांच्या आधाराने पुढे सरकतात. माणसात हा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो, महिन्याला एक इंचाच्या आसपास. तिकडे स्नायू वाट बघत बसलेला असतो. नसेचा संपर्क तुटलेला स्नायू सुकत जातो, आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नस पोहोचली तरी तो तिला जोडून घेण्याच्या अवस्थेत राहत नाही.

आता भावाचा हिशेब करू. मनगटापासून तळहातातले लहान स्नायू ८ ते १० सेंटिमीटरवर. सुरुवातीचा महिना कोंब फुटण्यात आणि शिवलेला जोड ओलांडण्यात जातो, पुढचे तीन-साडेतीन महिने चालण्यात. म्हणजे या महिन्यात शस्त्रक्रिया झाली तर नस स्नायूपर्यंत पोहोचेल तेव्हा दुखापतीला नऊ-दहा महिने झालेले असतील. अजून दार उघडं आहे. एक वर्ष थांबून सर्वात भारी नळी आणलीत तरी ते बंद झालेलं असेल. स्पर्शाचं तसं नाही, संवेदना उशिरा जोडलेल्या नसेतूनही काही प्रमाणात परत येते. पण तुमच्या भावाची खरी अडचण पकडीची आहे, आणि पकड स्नायूंवर अवलंबून असते.

नळीबद्दल बोलण्याआधी तुटलेली नस आतून कशी दिसते ते डोळ्यांसमोर आणा. उसाचं कांडं कोयत्याने आडवं कापून पाहा. बाहेर साल, आत गर, आणि गरात विखुरलेले दोऱ्यांचे ठिपके. नस जवळजवळ अशीच असते. बाहेरचं वेष्टण, आत मऊ भरण, आणि त्यात तंतूंचे वेगवेगळे गठ्ठे. ताजी कापलेली नस मायक्रोस्कोपखाली पाहिली की हे गठ्ठे कापलेल्या तोंडातून किंचित बाहेर डोकावतात, मोत्यासारखे चकाकतात. पाच महिन्यांनी तसं दिसत नाही. वरच्या टोकाला कोंबांचा गुंता होऊन वाटाण्याएवढी गाठ बनलेली असते, खालचं टोक व्रणात रुतलेलं असतं. अशी दोन टोकं तशीच जोडून चालत नाही. मी ब्लेडने गाठ मिलिमीटर-मिलिमीटरच्या चकत्यांनी कापत जाते. पहिली चकती टणक आणि पांढुरकी, दुसरीही तशीच. कधी सहाव्या-सातव्या चकतीला ते मोत्यासारखे गठ्ठे दिसू लागतात. तिथे थांबायचं. खालच्या टोकालाही हेच. हे सगळं झाल्यावर दोन टोकांत जी जागा उरते तिला आम्ही गॅप म्हणतो, आणि पाच महिन्यांनंतर मनगटात ती बहुधा अडीच ते चार सेंटिमीटर निघते. टोकं आपोआप आक्रसलेलीही असतात.

तुमचा खरा प्रश्न म्हणूनच ‘कोणती नळी’ असा नाही. ‘भावाच्या मनगटात किती लांबीची, कुठल्या प्रकारच्या नसेत, किती जुनी जागा भरून काढायची आहे’ असा आहे. याचं उत्तर हातात आलं की मटेरियल कोणतं हे जवळजवळ आपोआप ठरतं.

जागा छोटी असेल तर दोन्ही टोकं सरकवून थेट शिवतात, केसापेक्षा बारीक ९-० नायलॉनने. जागा मोठी असताना ओढून शिवलं तर ताण पडतो, ताणाखाली नसेतलं रक्ताभिसरण मंदावतं आणि शिवलेल्या जोडावर व्रण भरतो. व्हिएन्नाचे हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ठामपणे मांडलं: ताणून शिवण्यापेक्षा मध्ये रुग्णाच्याच दुसऱ्या नसेचे तुकडे ठेवून बिनताणाचं शिवा. यासाठी पायाच्या पोटरीमागून जाणारी सुरल नावाची नस घेतात. यालाच नसेचं कलम म्हणतात. तिचं काम फक्त स्पर्शाचं. ती काढल्यावर पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो, चालण्यात काही कमी येत नाही.

नळीची कल्पना इथूनच आली. पायातली चांगली नस का काढायची, मध्ये पोकळ नळी ठेवली तर? तुम्हाला व्हिडिओत वाटलं की नळी नस वाढवते. नळी नस वाढवत नाही. नस शरीरच वाढवतं, नळी फक्त आतली जागा राखून ठेवते. दोन्ही टोकं नळीत एक-दोन मिलिमीटर ओढून घ्यायची, प्रत्येकी एकेक टाका, आणि आत सलाईन भरायचं, म्हणजे रक्ताची गुठळी किंवा हवेचा बुडबुडा राहत नाही. पहिल्या काही तासांत टोकांतून पाझरलेलं द्रव नळीत साठतं, त्यात वाढीला मदत करणारे घटक असतात. आठवड्याभरात त्या द्रवातून फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) एक दोर तयार होतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्यावर बारीक. त्या दोरावरून श्वान पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्हीकडून चालत येतात. मागून तंतू येतात. सगळं त्या दोरावर उभं आहे. जागा लांब झाली की दोर मध्येच इतका बारीक होतो की तुटतो, किंवा तयारच होत नाही. स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांच्या गटाने १९८० च्या दशकात उंदरांमध्ये सिलिकॉनच्या नळीवर हे बारकाईने तपासलं: १० मिलिमीटरची जागा नस ओलांडते, १५ मिलिमीटरची ओलांडत नाही. तुमच्याकडे द्राक्षबागा आहेत म्हणून सांगते, मांडव हवाच, पण दोन मांडवांमध्ये तारच नसेल तर वेल तिथून खाली पडते.

नळ्या कशाच्या असतात हे तुम्ही विचारलं आहे. सिलिकॉन शरीरात विरघळत नाही, पुढे ते बोचतं, नसेवर दाब आणतं, कधी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावं लागतं. म्हणून मागे पडलं. मग आली पॉलिग्लायकॉलिक ॲसिडची नळी. विरघळणारे टाके याच पदार्थाचे असतात, ती साधारण तीन महिन्यांत विरते. कोलाजेनच्या नळ्या आहेत, त्या जनावरांच्या कातडी-टेंडनमधल्या प्रथिनापासून बनवतात. लॅक्टिक ॲसिड आणि कॅप्रोलॅक्टोनच्या मिश्रणाची नळी आहे, ती कडक असते आणि हळू विरते. कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेल्या कायटोसानचीही आहे. इथे अभियांत्रिकीचे प्रश्न खरोखर नाजूक आहेत. भिंत इतकी सच्छिद्र हवी की ऑक्सिजन आणि पोषण आत जावं, पण व्रणाच्या पेशी आत शिरू नयेत. वाकवली तर चपटी होऊ नये. लवकर विरली तर आतली नस उघडी पडते, फार उशिरा विरली तर दाबते. विरताना आम्ल सुटतं, तेही बेतात हवं. एकाच नळीत हे सगळं साधणं सोपं नाही, आणि ज्यांनी साधलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

या नळ्या कुठे चालतात हे एका रुग्णाच्या बोटावरून सांगते. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यातल्या एका कारागिराच्या डाव्या तर्जनीत पटाशी घुसली, बोटाच्या एका बाजूची स्पर्शाची नस तुटली. तो चौथ्या दिवशी आला. टोकं साफ केल्यावर जागा राहिली ८ मिलिमीटर. मी कोलाजेनची नळी घातली. तीन महिने बोट गार पडायचं, झिणझिण्या यायच्या, आणि तो वैतागायचा. नस वाढत असताना असं होतं. दीड वर्षाने मी कागदाची क्लिप उघडून तिची दोन टोकं बोटावर टेकवली. दोन टोकं वेगळी ओळखायला त्याला ७ मिलिमीटरचं अंतर लागत होतं. धडधाकट बोटाच्या टोकाला ६ च्या आत ओळखतात. पण त्याने मला त्याची स्वतःची तपासणी दाखवली. डोळे मिटून तो घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पृष्ठावर बोट फिरवायचा आणि जवारीसाठी, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून, ती नेमकी कुठे घासायची बाकी आहे ते सांगायचा. बोटातली बारीक, फक्त स्पर्शाची नस, ताजी जखम, एक सेंटिमीटरच्या आतली जागा. नळीसाठी याहून चांगली परिस्थिती नसते. २००० साली अमेरिकेत ९८ रुग्णांच्या १३६ तुटलेल्या हाताच्या नसांवर झालेली तुलनाही याच्याशी जुळते. त्यात पॉलिग्लायकॉलिक ॲसिडच्या नळीचे निकाल ४ मिलिमीटरपर्यंतच्या जागेत थेट शिवण्यापेक्षा सरस निघाले, आणि ८ मिलिमीटरच्या पुढे बोटातल्या नसांत कलमाच्या तोडीचे किंवा वरचढ होते.

आता उलटं उदाहरण, माझंच. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाच्या मनगटातल्या मीडियन नसेत (अंगठ्याच्या बाजूला जाणारी नस) मी जवळजवळ ३ सेंटिमीटरची नळी घातली. कलमाची नस काढण्यासाठी पायावर काप द्यायचा नाही असा त्याचा आग्रह होता, आणि नळीच्या वेष्टणावर ३ सेंटिमीटरपर्यंत चालते असं लिहिलेलं होतं. मी दोन्ही गोष्टींना मान दिला. सात महिन्यांनी काहीच पुढे सरकलं नाही म्हणून पुन्हा उघडलं. नळी विरघळली होती. दोन टोकांच्या मध्ये एक पांढरा धागा होता, शिवायच्या दोऱ्याएवढा, आणि तपासणीत त्यात तंतू जवळजवळ नव्हते. तेव्हा सुरल नसेचं कलम केलं, पण सात महिने गेलेले होते. त्याला स्पर्श बराचसा आला, अंगठ्याची ताकद पुरती आली नाही. तेव्हापासून दीड सेंटिमीटरच्या पुढे आणि जाड, मिश्र नसेत मी नळी वापरत नाही. काही सहकारी दोन सेंटिमीटरपर्यंत जातात, त्यावर मतभेद असू शकतात. मिश्र नसेचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे: अल्नर नसेत स्नायूंचे तंतू आणि स्पर्शाचे तंतू एकत्र असतात. रिकाम्या नळीत ते वाट चुकतात, स्नायूकडे जायचा तंतू कातडीत जाऊन बसतो. कलमात निदान आतल्या जुन्या वाटा तयार असतात.

त्यामुळे तुमच्या भावाच्या बाबतीत, तुम्ही दिलेल्या माहितीवरून, माझा कल सुरल नसेच्या कलमाकडे आहे. समजा जागा ३ सेंटिमीटर निघाली. अल्नर नस सुरलपेक्षा जाड, म्हणून तीन-चार तुकडे शेजारी-शेजारी ठेवावे लागतील, म्हणजे ९ ते १२ सेंटिमीटर नस. एका पायातून एवढी सहज मिळते. उघडल्यावर जागा एक सेंटिमीटरच्या आत निघाली तर डॉक्टर कोपराजवळून नस पुढच्या बाजूला वळवून लांबी मिळवतील आणि थेट शिवतील, किंवा नळी वापरतील. हा निर्णय टेबलावरच होतो. म्हणून सर्जन जर आधीच ‘नळीच घालणार’ म्हणत असेल तर विचारा, जागा मोठी निघाली तर काय करणार? त्यांच्याकडे उत्तर तयार असायला हवं.

आणखी एक शक्यता. पहिल्या रात्री नस शिवली गेली असेल आणि कार्डावर लिहायचं राहिलं असेल. टिनेल चाचणी याबद्दल अंदाज देते: मनगटापासून तळहाताकडे बोटाने हलकेच टिचक्या मारत जायचं, जिथे करंगळीत करंट गेल्यासारखं वाटतं तिथवर तंतू पोहोचलेत. मी त्या जागी बॉलपेनने खूण करून तारीख लिहिते आणि फोटो काढून ठेवते. शिवलेल्या नसेत ही खूण महिन्यागणिक पुढे सरकते. पाच महिन्यांनी ती अजून व्रणावरच अडकली असेल तर उघडून पाहणंच योग्य. सोनोग्राफीतही गाठ आणि तुटलेली टोकं पुष्कळदा दिसतात, ती करून घ्या.

व्हिडिओतल्या ‘नॅनो’बद्दल. ते खोटं नाही. एका दिशेने विणलेले अतिसूक्ष्म धागे, आत भरायचं जेल, वीज वाहून नेणारे पॉलिमर, श्वान पेशी पेरलेल्या नळ्या, हे सगळं जगभरच्या प्रयोगशाळांत चाललंय आणि दिशा बरोबर आहे. रिकाम्या नळीत जो आधार मिळत नाही तोच ते द्यायला बघतायत. पण व्हिडिओतला उंदीर एक सेंटिमीटर ओलांडतो, आणि त्याचा पायाचा स्नायू तिथून जवळच असतो. तुमच्या भावाला चालायचं अंतर आणि मिळणारा वेळ दोन्ही निराळे आहेत. व्हिडिओच्या दुसऱ्या भागात पाठीच्या कण्याचं म्हणजे मज्जारज्जूचं आहे, ते पूर्णपणे वेगळं प्रकरण. तिथल्या तंतूंना वाढता येतं, हे मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अगुआयो यांनी १९८१ मध्ये दाखवलं. मज्जारज्जूला हातापायाच्या नसेचा तुकडा जोडला तर तंतू त्यात शिरले. पण कण्यातलं आजूबाजूचं वातावरणच वाढीला अडवतं, आणि तिथे मटेरियल कितीही चांगलं असलं तरी एकटं पुरत नाही. ती आशा भावाच्या मनगटाशी जोडू नका.

समजा सगळं करूनही स्नायू परतले नाहीत, तरी हात वाया जात नाही. चालू स्नायूचं टेंडन दुसरीकडे वळवून वळलेली बोटं सरळ करता येतात. आपल्या देशात हे तंत्र कुष्ठरोगाच्या रुग्णांसाठी घडलं, वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या कामातून. त्या रुग्णांचीही हीच नस जाते आणि हात असाच वळतो. ही शस्त्रक्रिया वर्षा-दोन वर्षांनीही होते, म्हणून आज सगळी घाई नस जोडण्याची.

या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगते. मायक्रोस्कोपने नस जोडणारा हाताचा किंवा प्लास्टिक सर्जन गाठा. मिरज-सांगलीत आहेत, कोल्हापूर-पुण्यातही. जाताना पहिलं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद, एनसीव्ही आणि सोनोग्राफी न्या. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि नळीची किंमत त्यात वेगळी लिहून मागा, ती बहुतेकदा आयात केलेली असते. सुरलच्या कलमाला मटेरियलचा खर्च जवळजवळ नाही, वेळ लागतो तो ऑपरेशन थिएटरचा. रुग्णालयात आरोग्यमित्र असतील तर जन आरोग्य योजनेत हे बसतं का, त्यांना आधी विचारा. भाऊ तंबाखू, मिश्री, सिगारेट काही घेत असेल तर आजपासून बंद, कारण नव्या नसेला रक्त लागतं. फिजिओथेरपिस्टकडून बोटं सरळ ठेवणारा स्प्लिंट बनवून घ्या आणि रोज तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने बोटांचे सांधे पूर्ण उघडून मिटवा. नस पोहोचेल तेव्हा सांधे आखडलेले असतील तर स्नायू येऊनही उपयोग होत नाही.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, चहाचा कप त्याच्या डाव्या हातात द्यायचा. बधिर करंगळी गरम कपाच्या कडेला टेकून राहते, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि त्या फोडापायी ठरलेली शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलावी लागलेली मी पाहिली आहे.